रुसमियातीचे केस

रुसमियाती आणि मी समोरासमोर राहतो. मधला रस्ता एवढा अरुंद, की तिच्या चुलीवर काय शिजतंय ते मला वासावरून कळतं आणि माझ्या मशीनचा पट्टा तुटला की तिला आवाजावरून. मी लग्नातले कबाया, म्हणजे नवरीचे मणीकामाचे अंगरखे, शिवते. ती नवऱ्या सजवायची. क्लातेन गावापासून सोलो शहरापर्यंतच्या रस्त्यावर कितीतरी लग्नांत नवरीच्या अंगावरचं काम माझं आणि मानेच्या वरचं तिचं असायचं.

हे काम तिला आईकडून आलं होतं. नवरीच्या कपाळावरची बारीक लव वस्तऱ्यानं काढायची, मग हिरवट-काळ्या लेपानं कपाळभर पाकळ्या रेखायच्या. त्याला पाएस म्हणतात. मागं चिरलेल्या पानांचा गोळा भरून मोठा अंबाडा बांधायचा, त्यावर मोगऱ्याची जाळी. बाकीच्या बायका कागदाचा साचा कपाळावर ठेवून पाकळ्या काढतात. रुसनं साचा कधी हातात धरला नाही. ती नवरीसमोर बसायची, एक डोळा बारीक करायची आणि पेन्सिल टेकवायची. डावी-उजवी पाकळी दोऱ्यानं मोजली तरी फरक सापडायचा नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी ती नुसता पांढरा भात आणि पाणी घ्यायची, मीठसुद्धा नाही. आईनं लावलेला नेम होता.

आणि तिचे स्वतःचे केस! सोडले तर गुडघ्याच्या वर वीतभर राहायचे. मुलीची आई बोलणी करायला आली की रुस मुद्दाम दारात बसून केस विंचरत असायची. मी म्हणायची, "दुकानाची पाटी लावलीस वाटतं?" ती म्हणायची, "पाटीला रंग लागतो, हिला नुसतं तेल."

हे सगळं सुरू झालं त्या वर्षी तिची मुलगी वनिंग आठवीत होती. एका सकाळी रुस माझ्याकडे मोजमापाची वही घ्यायला आली, नुकतीच न्हालेली. केस पुढे घेतले होते, आणि मला कानामागं काहीतरी चमकताना दिसलं.

"रुस, इथले केस कुठं गेले गं?"

"कुठले?"

"कानामागचे. नाण्याएवढी जागा गुळगुळीत झालीय."

तिनं बोट फिरवलं. मग हसली. "वनिंगच्या शाळेतल्या उवा असतील. केस चावून खाल्ले मेल्यांनी."

माझ्या सासूनं बघितलं आणि सांगितलं, "चाई आहे ती. कांदा चोळ, येतील." रुसनं कांदा चोळला. मग आलं चोळलं. मग कोरफड, मग कमिरीच्या बियांचं काळं तेल. महिनाभर तिच्या घरातून येणारा वास स्वयंपाकाचा की डोक्याचा ते ओळखू येईना. चाईच्या शेजारी दुसरी चाई पडली, मग टाळूवर तिसरी. गावच्या दवाखान्यात गजकर्ण म्हणून मलम दिलं. दोन महिने ते लावलं. सकाळी उशीवरून ती केस गोळा करायची आणि कागदाच्या पिशवीत ठेवायची. फेकवत नव्हते.

शेवटी मीच तिला सोलोला घेऊन गेले. त्वचेची डॉक्टर तरुण होती, लारास नावाची. तिनं भिंग लावून डोकं बघितलं, दोन केस ओढून बघितले आणि खुर्ची जवळ घेतली. आमच्याकडे बाईला मानानं बू म्हणतात आणि पुरुषाला पाक, तशीच ती बोलली.

"बू, ही बुरशी नाही. आपल्या रक्तात शिपाई असतात, बाहेरच्या रोगाशी लढणारे. तुमचे शिपाई तुमच्याच केसांच्या मुळांवर चालून गेलेत."

"का पण? मी त्यांचं काय वाकडं केलं?"

"ते आम्हालाही नीट माहीत नाही."

"मग कुणाला माहीत आहे?"

डॉक्टर ओशाळली. मला ती तेव्हाच आवडली. खोटं बोलली नाही.

दर महिन्याला टाळूत सुया सुरू झाल्या. एका बैठकीला तीस-तीस टोचण्या. रुस माझा हात धरायची आणि वर छताकडे बघायची. बाहेर आल्यावर रुमालानं रक्ताचे ठिपके टिपायची आणि म्हणायची, "चल, शेवयांचं सूप पिऊ. आज मी चाळण झालेय, खालून गळेल." तिसऱ्या महिन्यात चाईवर पांढरी लव आली. आम्ही दोघी आरसा उन्हात धरून ती बघत बसलो. पण जुन्या जागी लव येत होती तोवर नव्या जागा मोकळ्या होत होत्या. रमजान लागला आणि जणू कुणी आतून हात सोडला. पंधरा दिवसांत सगळं डोकं गेलं. ईदच्या सकाळी ती माझ्याकडे क्षमा मागायला आली, आपल्या रीतीप्रमाणे. मी तिचं तोंड बघून दचकले. भुवया गेल्या होत्या.

"एवढी काय बघतेस," ती म्हणाली. "नवऱ्यांच्या काढते, आता स्वतःच्या काढीन."

तोपर्यंत ती डोकं झाकत नसे; लग्नाच्या कामाला अंबाडा घालून जायची. आता तिनं रुमाल बांधायला सुरुवात केली, कपाळापासून हनुवटीखालपर्यंत. मशिदीतल्या बायकांनी तिला घेरलं. "बू रुस, अल्लानं सुबुद्धी दिली गं तुला! किती शोभतंय!" तिनं मान खाली घालून "आमीन" म्हटलं. घरी येऊन मला सांगताना हसता हसता तिला ठसका लागला, आणि ठसका थांबल्यावरही ती खाली बघूनच राहिली.

गावाला कळायला वेळ लागला नाही. चौकात तेंपे, आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, विकणारी जुमिनेम म्हणायची, "उपासात मीठ खाल्लं असणार. नवऱ्यांचं काम म्हणजे थट्टा आहे का? देवानं बरोबर तिथंच धरलं." रुसची चुलतसासू तिला एका जाणत्याकडे घेऊन गेली. त्यानं अंगारा दिला आणि सांगितलं, "शेकडो मुलींच्या कपाळावरचे केस तू वस्तऱ्यानं काढलेस. ते आता तुझे ओढून नेतायत." रुस शिकलेली होती, हसण्यावारी नेईल असं मला वाटलं. पण पुढच्या लग्नात मी बघितलं, वस्तरा टेकवण्याआधी ती ओठांतल्या ओठांत नवरीच्या कपाळाची माफी मागत होती.

डॉक्टर लारासनं गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी रुसचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं, झोप गेली, भूक अशी लागायची की पातेलं पुसून खायची. आणि केस आले. खरंच आले! आधी पांढरे, मग राखाडी, मग काळे. चार महिन्यांत दोन बोटं लांब, दाट, मखमलीसारखे. तिनं मला हाक मारून घरात बोलावलं, दार लावलं आणि रुमाल सोडला. "हात फिरव," म्हणाली. मी फिरवला. तिचा नवरा परियादी ओतकामाच्या कारखान्यातून आला होता, हातपायही धुतले नव्हते. तो मितभाषी माणूस. त्या दिवशी म्हणाला, "वनिंगच्या आई, गवत झकास उगवलंय. जवळपास म्हैस बांधू नकोस." रुस इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं.

पण त्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या नसतात. साखर वाढत होती, हाडं पोकळ होतील असं डॉक्टर म्हणाली, आणि तिनं हळूहळू गोळी कमी केली. अर्ध्यावर आली तोवर केस होते. पाव गोळीवर आल्यावर अकरा दिवसांत सगळे गेले. यावेळी पापण्याही गेल्या.

पहिल्यांदा केस गेले तेव्हा रुस रडली होती. दुसऱ्यांदा रडली नाही. मला ते जास्त लागलं. त्याच आठवड्यात परियादीनं न्हाव्याकडे जाऊन स्वतःचं डोकं तासून घेतलं. बायकोच्या जोडीला. सगळ्या गल्लीनं त्याची चेष्टा केली, "काय पाक परियादी, हजला निघालात?" तो नुसता हसला. रुसला बरं वाटलं, आठ-दहा दिवस. मग त्याच्या डोक्यावर खुंट दिसायला लागले. तीन महिन्यांत भांग पडेल एवढे केस आले. ती त्याला म्हणाली, "पुन्हा करू नका हो. तुमचे येताना बघवत नाहीत."

त्यानंतर एक जळजळीत औषध झालं. दर आठवड्याला टाळूला चोपडायचं, म्हणजे कातडी खवळेल आणि शिपाई तिकडे वळतील. कातडी खवळली. मानेत गाठी आल्या, उशीला डोकं टेकवता येईना. सात महिन्यांनी डॉक्टरनंच थांबवलं. जपानात, अमेरिकेत नव्या गोळ्या निघाल्यात असं ती एकदा बोलली. इथं मिळत नव्हत्या, आणि पुढं मिळायला लागल्या तेव्हा विमेवाले म्हणाले, हा सौंदर्याचा प्रश्न आहे, आजार नाही. रुसनं विम्याच्या कारकुनाला विचारलं, "डोळ्यांत धूळ जाते ती सौंदर्याची का?" त्यानं पुढचा नंबर पुकारला.

डोळेच तिला नडले. पापण्या नसल्या की वारा, धूर, घाम, सगळं सरळ आत जातं. एका लग्नात पहाटे ती रिरिस नावाच्या मुलीच्या कपाळावर काम करत होती. खोलीत पंखा, अंबाड्यावर मारलेल्या फवाऱ्याचा वास, दहा बायका. पाकळ्या पूर्ण झाल्या होत्या. रुस नवरीच्या तोंडावर वाकून कानापाशी शेवटची रेघ ओढत होती, आणि तिच्या डोळ्यातलं पाणी टपकन मधल्या पाकळीवर पडलं. काळा ओघळ नाकापर्यंत आला.

नवरीची आत्या ओरडली, "अगं बाई! नवरीवर रडतेय ही! कपाळावर आसवं पाडली!"

"रडत नाहीये मी," रुस म्हणाली. मग सगळ्यांसमोर, पहिल्यांदाच, तिनं सांगितलं. "मला पापण्या नाहीत. पाणी थांबत नाही डोळ्यात."

रिरिसच्या आईनं आत्याला बाहेर नेलं. मी तिथंच कबायाच्या गुंड्या लावत होते. मला उठून काहीतरी बोलायला हवं होतं, पण मी गुंड्याच लावत राहिले. रुसनं कपाळ पुसलं, कोरडं केलं, पुन्हा पाकळ्या रेखल्या. त्या दिवसाइतकं नेटकं काम तिनं क्वचितच केलं असेल. पण त्याला कोण विचारतो? सहा महिन्यांत तिची ठरलेली लग्नं एकेक करून दुसरीकडे गेली. कुणी भांडलं नाही. आपल्याकडे कुणी तोंडावर नाही म्हणतच नाही. "बू रुस, तुम्हाला दगदग नको म्हणून," एवढंच. तिनं वस्तरा, पेन्सिली, लेपाची वाटी सोलोच्या एका बाईला देऊन टाकली आणि माझ्याकडे मणी शिवायला बसू लागली.

वनिंगचं लग्न ठरलं ते रुसचे केस जायला लागल्यापासून सातव्या वर्षी. मुलगा बोयोलालीचा, दुधाच्या डेअरीत. त्याची आई बू हर्तिनी केळ्यांचा घड घेऊन आली, चहा घेतला, रुसच्या हातच्या करंजीचं कौतुक केलं आणि मग म्हणाली, "विहीणबाई, त्या दिवशी तुम्ही नुसतं खुर्चीत बसायचं, लोकांचे हात हातात घ्यायचे. मुलीच्या आईनं राबायचं कशाला? आमच्या नात्यात एक सजवणारी आहे, फार हात चांगला आहे तिचा."

रुस म्हणाली, "बरं झालं. मलाही सुटका."

वनिंग आतून ऐकत होती. पाहुणी गेल्यावर ती बाहेर आली. "आई, तू का बोलली नाहीस? माझ्या कपाळाला तूच हात लावायचा. नाहीतर मी बसणारच नाही!"

"बसशील."

"सगळ्या गावाच्या पोरी तू सजवल्यास!"

"म्हणूनच सांगते. नवरीनं रुसून बसू नये, पाकळ्या वाकड्या येतात."

दोन दिवसांनी मध्यस्थ बाई खरा प्रश्न घेऊन आली. हे घराण्यात आहे का? मुलीला होईल का? रुस त्याआधीच डॉक्टर लारासला विचारून आली होती. डॉक्टर म्हणाली होती, होईलच असं नाही, होणारच नाही असंही नाही. रुसनं मध्यस्थ बाईला सरबत दिलं आणि सांगितलं, "छे हो, मला डेंग्यूचा ताप आला होता. त्यात गेले." मी तिथं होते. मी मान डोलावली.

लग्नाच्या दिवशी आईनंही अंबाड्यात बसायचं असतं. रुसनं टोप आणवला, अंबाडा बांधलेलाच. तो चिकटपट्टीनं डोक्याला बसवला. आम्ही दोघी दारातून बघत होतो. आत ती नातेवाईक बाई वनिंगच्या कपाळावर कागदी साचा ठेवून रेघा ओढत होती. साचा सरकला होता. मलाही दिसलं.

"डावी खाली आलीय," मी कुजबुजले.

"दोन दोरे," रुस म्हणाली. "गप्प बस."

"सांग ना तिला."

"गप्प बस म्हटलं ना."

वनिंगनं आरशातून आईकडे बघितलं. रुसनं मान हलवली, छान दिसतंय म्हणून. मग चार तास ती मांडवात खुर्चीवर बसली, उकाड्यात, चिकटपट्टी घामानं सुटत चालली असताना, मान ताठ ठेवून. एकदाही वाकली नाही. पाहुण्या म्हणत होत्या, मुलीची आई किती रुबाबदार आहे बघा! घरी आल्यावर टोप उचलला तेव्हा टाळू पाण्यात भिजलेल्या बोटांसारखी पांढरी पडली होती. मी तेल लावलं. ती म्हणाली, "पोर म्हणाली होती ना, कपाळाला तूच हात लाव. मी लावायला हवा होता."

वनिंग माहेरी येते तेव्हा रुस तिला पुढ्यात बसवते आणि उवा बघते म्हणून एकेक बट वेगळी करते. वनिंगला उवा नाहीत. ती पुस्तक उघडून मुकाट बसते. संपलं की विचारते, "सापडलं काही?" रुस म्हणते, "काही नाही." हल्ली वनिंग कमी येते. पोटुशी आहे, बस लागते म्हणते. फोनवर आईनं केसांचं विचारलं की विषय बदलते, आणि मग रुस दिवसभर मणी चुकवते.

दवाखान्याला जाणं तिनं सोडलं त्याला बराच काळ झाला. डॉक्टर लारासनं शेवटच्या वेळी सांगितलं होतं की मुळं मेलेली नाहीत, केस कधीही येऊ शकतात. "हे तिनं सांगायला नको होतं," रुस मला म्हणाली. "मेलीत म्हटली असती तर मी पुरून मोकळी झाले असते. आता रोज सकाळी हात आधी डोक्यावर जातो."

गेल्या महिन्यात दुपारी तिचा फोन वाजला. आम्ही दोघी जमिनीवर बसलो होतो, मध्ये मण्यांची ताटली. डॉक्टर लारास होती. मोठ्या शहरातल्या रुग्णालयात त्या नव्या गोळ्या लोकांना फुकट देऊन बघणार आहेत, तिनं रुसचे जुने कागद पाठवले होते. रुसनं फोनचा आवाज मोठा केला, मला ऐकू यावा म्हणून. तिचा हात ताटलीवरच थांबला होता.

"पण बू, त्यांची एक अट आहे," डॉक्टर म्हणाली. "पूर्ण टक्कल पडून आठ वर्षं उलटलेली नसावीत. त्यापुढं औषध चालत नाही असं त्यांचं म्हणणं. तुमचं नववं चालू आहे. मी खूप बोलले त्यांच्याशी."

"मग आठव्या वर्षी का नाही केलात फोन?"

"तेव्हा हे इथं आलंच नव्हतं, बू."

पलीकडून डॉक्टर "बू? बू?" करत होती.

"ऐकतेय मी," रुस म्हणाली. "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, डॉक्टर. जेवलात का?"

फोन ठेवून तिनं सुई उचलली. सुईत दोरा ओवायला तिला आता वेळ लागतो, डोळ्यांना सारखं पाणी येतं. मी हात पुढे केला. तिनं सुई दिली नाही. चार वेळा दोरा चुकला, पाचव्यांदा गेला, आणि ती पुन्हा शिवायला लागली.